तांबड्याच्या टेबलावर

ब्रिजपोर्ट, कनेटिकट. एकोणीसशे त्रेपन्न.
दुसऱ्या मजल्यावर, गोंदाच्या आणि शिळ्या कॉफीच्या वासात
चौदा बायका भुतं रंगवत बसायच्या.
रंगवत म्हणजे, रंग कुणाच्याच समोर नसायचा.
एतेल्का तांबड्याच्या टेबलावर होती
आणि तिच्या दौतीत काळी शाई.

पारदर्शक कागद पानावर ठेवायचा,
छापताना जिथं तांबडं उमटायला हवं, तिथं काळं भरायचं:
प्रेताचे ओठ, अग्निबाणाची शेपटी,
सावत्र आईच्या मुठीतला रुमाल.
बाकीचं जग तिच्या खात्यात नव्हतं.
पिवळं रोझाल्बाकडे, निळं त्या अबोल पोलिश मुलीकडे.
मंगळावरचं आकाश कुणाचं, यावरून एकदा भांडण झालं होतं.

पानंही यायची उलटीसुलटी.
आठवं आधी, तिसरं शुक्रवारी, पहिलं कधीकधी नाहीच.
त्यामुळे खुनी कोण, हे तिला लगेच कळायचं
आणि खून कुणाचा, ते राहून जायचं.
दर गोष्टीच्या शेवटी कुणीतरी वळून बघे, तोंड वासून.
कशाकडे, ते बहुधा निळ्यात असे.

घरी आंदोर पांघरुणाखाली बॅटरी लावून वाचायचा.
"आई, यातलं तू काय केलंस?"
ती बोट ठेवायची. "हे रक्त. हेही.
आणि या बाईची टोपी. टोपी बरी जमलीय."

जुलैतला एक बुधवार.
शेवटचं पान: मेलेला ग्रह, मोडलेलं यान,
वाळूत टेकून बसलेला रिकामा अंतराळ-पोशाख.
त्या चौकटीत तांबडं काहीच नव्हतं. तेवढीच विश्रांती.
इतक्यात मुकादम प्रेंडरगास्ट पंख्यासमोरून गेला
आणि त्याच्या डोक्यावरचा टोप उडून थेट गोंदाच्या भांड्यात.
चौदा बायका हसल्या. पोलिश मुलगीसुद्धा.
एतेल्काच्या कुंचल्यातून एक थेंब सुटला
शिरस्त्राणाच्या काचेवर, तिळाएवढा,
रोझाल्बाच्या पिवळ्यावर बरोब्बर.
खरवडायला हवा होता.
पण डोळ्यांत पाणी, आणि पाचचा भोंगा.

पुढच्या वर्षी चर्चच्या आवारात होळी झाली.
शाळेच्या बाईंनी लाकडं नीट रचून घेतली होती.
आंदोरनं आपली तेवीस पुस्तकं स्वतः नेली,
त्याबद्दल त्याला एक सफरचंद मिळालं.
एतेल्का कुंपणाबाहेर उभी.
कागद जळताना कडेनं हिरवट ज्वाळा उठत होत्या.
सैतान निघून चाललाय, कुणी म्हणालं.
तिला वाटलं, मालकानं शाई स्वस्तातली घेतली असणार.

दुसरा मजला बंद झाला.
ती कॉर्सेटच्या कारखान्यात लागली, तिथूनच निवृत्त झाली.

चाळीस वर्षांनी नात तिला घेऊन गेली
एका हॉटेलच्या तळघरात, जुन्या अंकांच्या बाजाराला.
प्लॅस्टिकच्या पिशवीत तेच पान.
किंमत, तिच्या तेव्हाच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी.
विकणारा पोरगा दाढीवाला, आवाज खाली आणून सांगू लागला:
"सगळं मेलंय असं वाटतं ना? आता काचेकडे बघा.
हा तांबडा ठिपका. तो डोळा आहे.
आत काहीतरी आहे, आणि ते आपल्याकडे बघतंय.
अख्ख्या गोष्टीत त्याबद्दल एक शब्द नाही!
वडिलांनी दाखवला तेव्हा मी सात वर्षांचा होतो.
महिनाभर दिवा मालवू दिला नाही.
काय डोकं असेल हो, ज्यानं हे केलं त्याचं!"

एतेल्कानं चष्मा पुसला, वाकली.
ठिपका जागच्या जागी होता.
भांड्यात तरंगणारा टोप,
गुडघ्यावर हात आपटत हसणारी रोझाल्बा, जाऊनही तिला आता नऊ वर्षं झाली.
तिनं घाईनं रुमाल तोंडावर धरला. खांदे हलू लागले.

"घाबरलात?" पोरानं हळूच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "फार."